ईडाबाई, रोझारियो आणि काळा पडदा

लॅपटॉपच्या बाबतीत आमच्या वाडीत माझा शब्द म्हणजे शेवटचा शब्द! आचऱ्याच्या अलीकडे कुणाचा लॅपटॉप अडला, कुणाचा प्रिंटर रुसला, कुणाच्या स्क्रीनवर अचानक उलटी अक्षरं यायला लागली, की लोक मालवण-कुडाळ गाठत नाहीत, सरळ माझ्या पडवीत येतात. म्हणजे यायचे. आता मालवण-कुडाळच गाठतात. का, तेच सांगायला बसलोय.

मी गंगाराम खोबरेकर. सरकारी कचेरीतून निवृत्त. आमच्या कचेरीत पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा साहेबसुद्धा त्याच्याकडे दुसऱ्याच्या कुत्र्याकडे बघावं तसे लांबून बघायचे. त्याला पहिला हात लावला तो मी! त्या दिवसापासून माझी अशी समजूत झाली की यंत्रं मला ओळखतात.

आमच्या कुंपणापलीकडे ईडा राहते. ईडा डिसोजा. सगळा गाव तिला ईडाबाई म्हणतो, कारण अर्ध्या गावाला तिनं प्राथमिक शाळेत बाराखडी शिकवली. पण ती आणि मी एका वर्गात होतो, त्यामुळे मी तिला 'गो ईडा' म्हणतो आणि ती मला 'गंग्या, मेल्या'. तिचा धाकटा भाऊ रोझारियो, घरातलं नाव रुझार. तो आमच्याच शाळेत, आमच्या मागच्या वर्गात. पुढे तो गोव्यातून इंग्लंडला गेला तो तिकडचाच झाला.

या दोघांत वर्षानुवर्षं बोलणं नव्हतं. कारण काय? शिलाई मशीन! त्यांची आई त्या मशीनवर अख्ख्या वाडीचे कपडे शिवायची. माझी शाळेची पहिली खाकी चड्डी त्याच मशीनवरची. आई गेली, रुझार आला, आईच्या नावानं महिन्याच्या प्रार्थनेचा मिस्सा झाला आणि ईडा चर्चमधून घरी येते तर मशीनचा कोपरा रिकामा! रुझारनं ती उचलून वेंगुर्ल्याला मेव्हणीकडे पाठवली होती. विचारलंसुद्धा नाही. ईडा जे बोलली ते समुद्रापर्यंत ऐकू गेलं म्हणतात. रुझार विमानात बसला आणि विषय संपला.

मग यंदा रुझारचं हृदयाचं ऑपरेशन झालं. माणूस ऑपरेशन टेबलावर जाऊन आला की त्याला बहिणी आठवतात. त्याचा मुलगा ब्रॅंडन मला फोनवर म्हणाला, "अंकल, पप्पांना ईडा आंटीला बघायचंय. ते स्वतःहून फोन करणार नाहीत. तुम्ही काहीतरी जमवा ना!"

मी जमवलं! आठवडाभर रोज तिच्याकडे जाऊन, चहा पिऊन, तिचे टोमणे खाऊन जमवलं. शेवटी ती म्हणाली, "बरा तर. बघतंय त्येका. पण मोबायलात नको. मोबायलात माणूस चिमटीएवढो दिसता. माका माझो भाव माणसाएवढो दिसाक होयो."

"माझ्या लॅपटॉपार दिसतलो!" मी छातीवर हात मारला. "तू फक्त बस. बाकीचा माझ्यार सोड."

माझी योजना ऐका. मला नुसता कॉल लावून द्यायचा नव्हता. मला सोहळा करायचा होता! मी घरीच रुझारचा कॉल जोडून ठेवणार, लॅपटॉप मिटणार, तिच्याकडे नेणार, टेबलावर ठेवणार, आणि 'ह्यो बघ तुझो भाव!' असं म्हणून झाकण उघडणार. आत रुझारचं तोंड! ईडा रडणार, रुझार रडणार, मी बाजूला हात बांधून उभा राहणार.

झाकण मिटलं की लॅपटॉप झोपतो, हे तुम्हाला माहीत असेल. पण मी सेटिंगमध्ये जाऊन असं करून ठेवलं की झाकण मिटलं तरी आतलं यंत्र जागं राहावं. नेट माझ्या खिशातल्या मोबाईलवरून. आणि वाटेत लॅपटॉपातून 'हॅलो, हॅलो' असा आवाज येऊन सोहळा फुटू नये म्हणून आवाजही बंद केला. किती बारीक विचार!

माझी बायको सावित्री हे सगळं दारातून बघत होती. "अवो, थंय जावन सरळ लावा ना कॉल. माणसा लावतत तसो."

"तुका त्यातला कळणा नाय," मी म्हणालो. हे वाक्य मी संसारात फार वेळा वापरलंय आणि ते दरवेळी मलाच महाग पडलंय.

दुपारी निघालो. कॉल जोडला, पलीकडे रिकामी खुर्ची दिसत होती, रुझार येऊन बसायचा होता. झाकण मिटलं आणि नवरदेवाच्या शेल्यासारखा लॅपटॉप दोन्ही हातांवर घेऊन कुंपण ओलांडलं.

ईडा तयार होती. काय सांगू! निळा, बारीक फुलांचा नवा ड्रेस, केस चापून बसवलेले, तोंडाला पावडर. टेबलावर क्रोशाचा रुमाल. बशीत स्वतः केलेल्या नेवऱ्या, म्हणजे आपल्या करंज्याच. त्या रुझारला खाता येणार नव्हत्या हे तिलाही ठाऊक होतं, पण लहानपणी त्याला आवडायच्या म्हणून त्याला दिसाव्यात अशा बेतानं मांडल्या होत्या. हात मांडीवर घट्ट धरून ती बसली.

"माका पयलां काय बोलाचा ताच सुचणा नाय रे गंग्या," ती हळूच म्हणाली.

"काय बोला नको. नुसती बघ." मी लॅपटॉप ठेवला, घसा खाकरला आणि झाकण उघडलं. "ह्यो बघ तुझो भाव!"

काळोख!

पडदा कुळकुळीत काळा. त्यात आम्ही दोघं, आमच्या मागे भिंतीवरचं येशूचं चित्र आणि छताचा पंखा.

"खंय आसा?" ईडानं विचारलं.

"येतलो, येतलो! वायच थांब." मी एक बटण दाबलं. दुसरं दाबलं. झाकण मिटून परत उघडलं. परत अंधार. चार्जर लावला. दिवा लागला! आतला पंखाही घरघरत होता. "जीव आसा!" मी ओरडलो. डॉक्टर बाहेर येऊन नातेवाइकांना सांगतात तसा.

"जीव आसा तर तोंड कित्या दाखवणा नाय?"

"पडद्याचो प्रॉब्लेम आसा. आतला सगळा चालू आसा."

हे वाक्य मी स्वतः बोललो. आतलं सगळं चालू आहे! बोललो, आणि त्याचा अर्थ काय होतो याचा विचार मात्र केला नाही. आजही रात्री कूस बदलताना हे वाक्य मला टोचतं.

"बंद करून परत चालू कर मा," ईडा म्हणाली.

"अगो, असा नसता करूचा! आतल्या फाइली खराब होतत." असं म्हणून मी हसलोसुद्धा. आता कुडाळचा कॉम्प्युटर दुरुस्त करणारा दुकानदार सांगतो की तेवढंच केलं असतं तरी पडदा आला असता. पण बाराखडी शिकवणाऱ्या बाईनं मला कॉम्प्युटर शिकवावा? मला!

इतक्यात माझा मोबाईल वाजला. ब्रॅंडन! मी लगेच कापला. फोन उचलला तर नेट तुटणार ना! पुन्हा वाजला. पुन्हा कापला. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा मी "काय ही आजकालची पोरं, जरा धीर नाही!" असं म्हणून फोनची घंटीच बंद करून टाकली.

ईडानं नेवऱ्यांची बशी थोडी सरळ केली. मग परत तिरकी केली. मग म्हणाली, "तो नाय येवचो. माका म्हायत होता."

"अगो, तो इलेलो आसा. माझो पडदोच..."

"नाय रे. त्येका येवचाच नाय. माका माझी आऊस गेल्यार पण असोच फसवल्यान." आणि मग बांध फुटला. "आवशीची मशीन! माका एक शब्द विचारल्यान नाय! मी चर्चातून येतंय तर कोपरो रिकामो! सावडलेल्या हाडांसारखी नेल्यान ती, गोणपाटात बांधून! आणि दिल्यान कोणाक? बायलेच्या भयणीक! तिका सुयेत दोरो घालूक येणा नाय!"

आता मी काय करायला हवं होतं? गप्प राहायला हवं होतं. फार तर 'जाऊ दे गो' म्हणायला हवं होतं. पण माझा लॅपटॉप फेल गेला होता, माझा सोहळा पाण्यात चालला होता आणि ईडाचा राग माझ्यावर न येता रुझारवर जात होता. मला ते बरं वाटलं! मी त्या रागाला वारा घालायला लागलो.

"पयल्यापासून तसोच तो," मी लॅपटॉप उलटा करून त्याच्या बुडावर थापट्या मारत म्हणालो. "शाळेत माझी नवी पेन्सिल घेतल्यान ती परत म्हणान दिल्यान नाय!"

"बघ! म्हणजे ल्हानपणापासून सवय!"

"आणि चिंगूस! मयताक फुलां पण तुझ्याच परसातली काढल्यान!"

ईडाला तेवढ्यातही हसू आलं. ती हसली म्हणून मला चेव आला. माणसाला हसवता येतंय म्हटल्यावर मी कुठे थांबतो! मी म्हणालो, आणि हे तुम्हाला सांगतानाही माझी मान वर होत नाही, मी म्हणालो, "ऑपरेशन झाला म्हणतत त्येचा. डॉक्टरांका आत काळीज सापडला, हीच बातमी पेपरात छापूक होयी!"

ईडा खळखळून हसली. मग एकदम थांबली. हातरुमालानं डोळे टिपले आणि म्हणाली, "असा बोला नको रे. मरता मरता वाचलो तो."

"मस्करी गो!" मी म्हणालो आणि परत यंत्राकडे वळलो. आता मला एक जुनी युक्ती आठवली होती. पडद्यामागचा दिवा गेला असेल तर चित्र असतं, फक्त दिसत नाही. बाहेरून बॅटरीचा झोत मारला की पुसट दिसतं. ईडानं बॅटरी आणली. मी झोत मारला. वाकून बघितलं. आणि खरंच, काळोखात काहीतरी दिसलं! एक गोल, तुळतुळीत टक्कल.

"कोण तरी आसा!" ईडा कुजबुजली.

"मीच आसंय तो," मी म्हणालो. माझ्या टकलाची मला ओळख नसेल का! "काचेर डाग आसा, थांब." मी खिशातला रुमाल काढला, त्यावर थुंकी लावली आणि ते टक्कल खसाखसा पुसलं. नाकाच्या जागी जरा जास्त घासलं.

काही होईना. मग मी शेवटचा उपाय केला. वरच्या ओळीतली सगळी बटणं पेटीवाल्यासारखी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दाबत नेली. उजेडाचं बटण त्यातच कुठेतरी होतं. आणि त्याच ओळीत आवाजाचंही होतं!

काळ्या पडद्यातून आवाज आला.

"गंग्या. तुझी पेन्सिल मी तुका परत दिलेली."

ईडानं छातीवर क्रूस काढला. मी रामाचं नाव घेतलं. माझ्या हातातली बॅटरी नेवऱ्यांच्या बशीत पडली.

"आणि काळीज सापडला," आवाज पुढे म्हणाला. थकलेला होता, हळू होता, पण रुझारचाच होता. "डॉक्टरान माका पडद्यार दाखवल्यान. धडधडत होता."

मागून ब्रॅंडनचा आवाज, "अंकल, मी किती फोन केले! तुमचं सगळं ऐकू येतंय! आणि दिसतंयसुद्धा!"

म्हणजे पहिल्यापासून! रुझार खुर्चीवर येऊन बसला तेव्हापासून! नवा ड्रेस, मशीन, मेव्हणीची सुई, पेन्सिल, काळीज, सगळं! आणि त्याच्या पडद्यावर माझा थुंकी लावलेला रुमाल येऊन त्याच्या बहिणीला झाकून गेला होता!

"रुझार?" ईडा उठून उभी राहिली. तिला कळेना कुठे बघायचं. ती लॅपटॉपच्या मागे गेली, परत पुढे आली. "रुझार, तू ऐकतस? मी... तसा नाय रे..."

"माका दमाक झाला, ईडा," तो म्हणाला. "ब्रॅंडन, बंद कर."

टुणुक असा आवाज झाला. आणि त्या क्षणी, त्याच क्षणी, माझ्या लॅपटॉपचा पडदा लख्ख उजळला! मध्यावर लिहिलेलं होतं, 'कॉल संपला आहे'. मागे माझाच फोटो. गेल्या गणपतीत सावित्रीनं काढलेला, तोंडात मोदक धरलेला.

ईडा त्या फोटोकडे बघत राहिली. मी काहीतरी म्हणायला गेलो. तिनं हात वर केला. "घेवन जा ह्या," एवढंच म्हणाली. रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं बशीतली बॅटरी काढून पुसली, कोपऱ्यात ठेवली आणि नेवऱ्या झाकल्या.

घरी आलो. सावित्रीला सांगितलं. मला वाटलं ती म्हणेल, 'मी सांगितलेला मा'. तिनं तेही म्हटलं नाही! नुसतं माझ्याकडे बघितलं आणि गाईला पाणी दाखवायला गेली. मी त्या गाईच्या जागी असतो तर बरं, असं वाटलं.

संध्याकाळी धीर करून इंग्लंडला फोन लावला. ब्रॅंडननं उचलला.

"बाळा, मला रुझारची माफी मागायचीय," मी म्हणालो.

"पप्पा बिझी आहेत अंकल. फोनवर आहेत."

"कुणाशी?"

"ईडा आंटीशी! तिनं स्वतः लावला. फार वेळ झाला. आधी दोघं ओरडत होते, आम्ही दार लावून घेतलं. मग रडले. आता हसतायत."

मला इतका आनंद झाला! "कशावर हसतायत?"

ब्रॅंडन जरा अडखळला. "अंकल... तुमच्यावर."

मी धावत मागच्या अंगणात गेलो. कुंपणापलीकडून ईडाचा आवाज स्पष्ट येत होता. मोबाईलवरच बोलत होती, तोच चिमटीएवढा माणूस कानाला लावून. "तोच रे! त्येच्या थोबाडाक कुलूप नाय! तो पेटवणारो! माझ्या तोंडातून काढून घेतल्यान त्येना!" मग ऐकत राहिली आणि म्हणाली, "नाय, नाय, टक्कल तुझाच होता! तो म्हणता माझा!" आणि हसून हसून तिला खोकला आला.

भावा-बहिणीचं जुळलं. मीच तर ते जुळवायला निघालो होतो! मग मी कुंपणापाशी चोरासारखा का उभा होतो, ते मलाच कळेना.

लॅपटॉपचं म्हणाल, तर कुडाळच्या दुकानदारानं तो जागच्या जागी बरा केला. पडदा चालवणारा आतला प्रोग्रॅम जुना झाला होता. नवा घ्या, नवा घ्या, असं यंत्र मला किती महिने विनवत होतं, आणि मी दरवेळी 'नंतर' वर बोट ठेवत होतो. चार बटणं एकदम दाबली की काळा पडदा तिथल्या तिथे जागा होतो, असंही त्यानं दाखवलं. मी ती चार बटणं पाठ केली. आता त्यांचा मला काय उपयोग?

नंतर एका सकाळी वेंगुर्ल्याहून टेम्पो आला आणि ईडाच्या दारात थांबला. गोणपाट सोडलं तर आत शिलाई मशीन! रुझारनं मेव्हणीकडून परत पाठवली होती. नाताळला तो स्वतः येणार आहे, हे मला सावित्रीकडून कळलं. सावित्रीला ईडाकडून कळलं. त्या दोघींचं छान चालू आहे.

मी लुंगी खोचून मदतीला धावलो. मशीनला हात घालणार, इतक्यात ईडा दारात आली.

"राहू द्या, खोबरेकर," ती म्हणाली. "माणसं आहेत उचलायला. आपण कशाला त्रास घेता?"

मी हात मागे घेतला. राहू द्या! आपण! खोबरेकर! ईडा ही भाषा फक्त शाळा तपासायला आलेल्या साहेबांशी बोलायची. पहिलीपासून आजवर तिनं मला शिव्यांशिवाय हाक मारली नव्हती. त्या दिवशी तिनं मला अनुस्वारासकट, शुद्ध, पुस्तकी मराठीत हाकललं!

सावित्री म्हणाली, "अवो, जावा आणि सरळ माफी मागा. लॅपटॉप घरात ठेवन जावा." या वेळी मी तिला काहीही कळत नाही असं म्हटलं नाही.

गेलो. ईडा मशीनवर वाकून कसलंसं कापड शिवत होती. मी उंबऱ्यात उभा राहिलो. "ईडा, मी चुकलंय गो. माका तसा बोलूचा नव्हता. तुका हसवच्या नादात बोलान गेलंय. माका एकदा मेल्या तरी म्हण!"

तिनं पाय थांबवला. चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

"आपलं म्हणणं मी ऐकून घेतलं," ती म्हणाली. "बसा. चहा घेणार का?"

घेतो म्हणालो. काय करणार? चहा आला. त्या घरात मी जन्मभर दांडा तुटलेल्या कपातून चहा प्यायलो, तोही स्वयंपाकघरात, उभ्यानं, स्वतः गाळून. त्या दिवशी तो बाहेरच्या खोलीत आला. बशीसकट, नक्षीच्या कपात, ट्रेमधून, पाहुण्याला देतात तसा.

"साखर पुरेशी आहे ना?" ईडानं विचारलं.

चहात साखर अजिबात नव्हती. मी म्हणालो, "हो. अगदी पुरेशी आहे, बाई."